घंटेची ओळ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते म्हाताऱ्यांना विचारू नका. ते म्हणतील, आमच्या वेळची. ती त्यांच्याही वेळच्या आधीची आहे.

एक छोटं राज्य होतं. डोंगरावर उभं राहिलं की खाली समुद्र दिसायचा, एवढंच. त्या राज्यात प्रत्येक गावाला एक कोठार होतं, आणि बहुतेक कोठारांत एक लाकडी गडी. सागाचा, माणसाएवढा उंच, पोटात चाकं आणि दोऱ्या. तो थकत नसे, मजुरी मागत नसे, आणि त्याला काडीची अक्कल नव्हती. त्याच्या छातीत एक खाच होती. तिच्यात ताडाच्या पानाची, भोकं पाडलेली पट्टी सरकवायची. भोकं सांगतील तेवढंच तो करायचा. उचल म्हटलं की उचली, ओत म्हटलं की ओती. काय ओततोय, हे बघणं त्याच्या कामात नव्हतं.

पट्टी बनवणं सोपं नव्हतं. एक भोक चुकलं तर गडी दिवसभर भिंतीला धडका देत राही. म्हणून एका शहाण्या राणीने राज्याच्या मधोमध, सगळ्या वाटा मिळतात तिथे, एक मांडव बांधला. ज्याला चांगली पट्टी जमली त्याने तिची नक्कल मांडवात टांगायची. ज्याला गरज असेल त्याने ती बघून आपली पाडून न्यायची. राणीने नियम एकच घातला: नेताना विचारू नका, आणताना लाजू नका.

राणी मेली. मांडव राहिला आणि मांडवात म्हातारे येऊन बसले.

आधी ते सावलीला म्हणून बसत. मग राखण म्हणून बसू लागले. मग कुठली पट्टी वर टांगायची, कुठली खाली, कुठली नाहीच, हे तेच ठरवू लागले. त्यांना हे कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. कोणी उठवलं नाही, एवढंच.

त्यांच्यातले सगळ्यांत मोठे आबा. मांडवात मधोमध, नावाची गाठ मारून टांगलेली पट्टी आबांची. जुनं बियाणं काढून टाकायची पट्टी. ती राज्यभर चाले.

काम असं होतं. कोठारात बियाणं साठवायच्या प्रत्येक कणगीला मातीची एक चकती बांधलेली असे. चकतीवर त्या वर्षाची खूण कोरलेली. पेरणीच्या आधी गड्याने एकेक चकती बोटांनी चाचपायची. यंदाची खूण लागली तर पुढे जायचं. नाही लागली तर कणगी उचलून शेजारच्या भट्टीत रिकामी करायची, कारण जुनं बियाणं उगवत नाही आणि चांगल्याला कीड लावतं. गडी काम करत असताना कोठाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली पाटलाने कमरेला लावायची, अशी रीत होती. गड्याला माणूस आणि कणगी यांतला फरक कळत नसे, म्हणून.

आता डोंगरावरच्या गावात कोठार सांभाळणारी एक कोठावळीण होती. तरुण, तिखट, शाळा अर्ध्यावर टाकलेली. शाळेत सांगायचे तेवढंच ऐकायचं, असं तिला जमलं नाही. तिने आबांची पट्टी मांडवातून आणली, गड्याच्या छातीत सरकवली, आणि रीत मोडून स्वतः आत, दाराआड उभी राहिली.

डोंगरावर ओल फार. तिथल्या एका चकतीवर शेवाळ साचलं होतं. गड्याने ती चाचपली. खूण हाताला लागली नाही. जुनी नाही, नवी नाही, काहीच नाही. आणि गड्याने नवीकोरी कणगी उचलून भट्टीत ओतली.

तिने झेप घेऊन पट्टी उपसली. एक कणगी गेली, बाकीच्या वाचल्या.

मग ती पट्टी मांडीवर घेऊन बसली. चूक तिला लगेच दिसली. यंदाची खूण नसेल तर जाळ, असं पट्टी सांगत होती. पण खूण जुनी असणं वेगळं आणि खूण न कळणं वेगळं. तिने दाभण घेतलं आणि एक ओळ वाढवली: हाताला काहीच लागलं नाही, तर थांब आणि घंटा वाजव.

बस, एवढीच ओळ. गड्याच्या हाताशी एक घंटा टांगली. पुन्हा पट्टी सरकवली. गडी शेवाळलेल्या चकतीपाशी आला, थांबला, घंटा वाजवली आणि उभा राहिला. ती चकती पुसून घेईपर्यंत उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन आपल्या खेचरावर बसून मांडवात गेली.

"कुणाची पट्टी?" आबांनी विचारलं. ते सुपारी कातरत होते. वर बघितलं नाही.

"तुमचीच आहे आबा. एक ओळ वाढवलीये."

अडकित्ता थांबला. बाकीचे म्हातारे सरसावून बसले.

"माझ्या पट्टीत?"

"खूण कळली नाही तर गडी चांगलं बियाणं जाळतो. आमच्याकडे जाळलं. आता जाळत नाही, थांबतो."

"चकती पुसायला काय हात दुखतात का तुझे?" आबा म्हणाले. बाकीचे हसले. "ही पट्टी मी बनवली तेव्हा तुझा बाप शेंबडा होता. राज्यभर चालते. कुणी आलं नाही चूक दाखवायला. तू आलीस. शाळा कुठवर झाली तुझी?"

"अर्धी."

"मग अर्धीच ओळ वाढवायचीस."

पुन्हा हसले. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. दात नसलेल्या तोंडांना दुसऱ्याचा अपमान बरोबर चावता येतो.

"टांगायची असेल तर टांग," आबा म्हणाले, "पण वेगळी. तिकडे, कडेला, पागोळ्यांखाली. माझ्या गाठीला हात लावायचा नाही."

पागोळ्यांखाली ताडाचं पान एक पावसाळा टिकत नाही, हे तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. तिने पट्टीची गुंडाळी केली आणि कमरेला खोचली.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "माझा गडी शहाणा झाला. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

बाहेर खेचर चरत होतं. त्या काळी खेचरं बोलत. हल्ली बोलत नाहीत, कारण ऐकणारं कोणी उरलं नाही.

"टांगलीस?" खेचराने विचारलं.

"नाही."

"का?"

"त्यांची लायकी नाही."

"पट्टी त्यांच्यासाठी आणली होतीस होय," खेचर म्हणालं आणि चालायला लागलं.

तिचा राग खरा होता. पण राग खरा असला म्हणजे माणूस बरोबर असतो असं नाही, आणि हे तिला सांगायला तिच्या वयाचं कोणी जवळ नव्हतं. म्हाताऱ्यांनी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, आणि त्यात तिची चूक नव्हती.

दिवस गेले. पुढच्या पेरणीच्या तोंडावर एका सकाळी मीठ विकणारा तिच्या दारात आला. तो समुद्राकाठच्या गावाहून येत असे. तिची थोरली बहीण तिथे दिली होती आणि तिथल्या कोठाराचं काम तीच बघे.

"तुझ्या ताईचा निरोप आहे," मीठवाला म्हणाला. "म्हणाली, आमच्याकडेपण लाकडी गडी आला. आज दुपारी पहिल्यांदा सुरू करणार. गावजेवण आहे. तू असतीस तर बरं झालं असतं म्हणाली."

"पट्टी कुठली घातली?"

"मांडवातली. आबांची. ताईने स्वतः जाऊन पाडून आणली. म्हणाली, थोरांच्या हातची आहे, डोळे मिटून चालवायची."

कोठावळणीचा हात उंबऱ्यावरच थांबला. "आणि तुमच्याकडच्या चकत्या कशा आहेत?"

"कशा म्हणजे? खारं वारं. मातीला लोणा लागतो. आमच्याकडे भिंतीचा पोपडा राहत नाही, तिथे चकतीवरची खूण कुठली राहायला? सगळ्या गुळगुळीत. आम्हाला काय, कुठली कणगी कधीची ते तोंडपाठ असतं."

गावाला पाठ होतं. गड्याला नव्हतं.

एकूण एक चकती गुळगुळीत. म्हणजे एकूण एक कणगी भट्टीत. आणि त्या कणग्यांतलं भात साधं नव्हतं. समुद्राचं पाणी शिरतं त्या खाजणात तगणारं भात होतं, पिढ्यानपिढ्या तिथेच राखलेलं. दुसऱ्या कुठल्याही गावाकडे त्याचा दाणा नव्हता. ते जळलं तर उसनं आणायलाही कुठे सोय नव्हती.

तिने पट्टी घेतली आणि खेचरावर उडी टाकली.

"दुपारच्या आत," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी निघालो असतो तर चालत गेलो असतो," खेचर म्हणालं, पण धावलं.

उतार संपला तिथल्या गावात खेचराला पाणी पाजावंच लागलं. विहिरीपाशी तिथला कोठावळा भाकरी खात बसला होता. तिने घोटभर पाणी पिताना त्याला सांगितलं, कुठे चाललीये आणि का.

"हां, ती खुणेची भानगड," तो म्हणाला आणि कांदा फोडला. "आम्हीपण तिथे घंटा बसवलीये."

"काय?"

"काहीच लागलं नाही तर थांब, असं. आमच्याकडे उंदरांनी चकत्या कुरतडल्या होत्या. पलीकडच्या गावानेपण बसवलीये. ते म्हणतात आम्ही आधी बसवली."

"मग मांडवात का नाही सांगितलं?"

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच डोंगरावरून पडली. "आबांना? मी? माझ्या पोरीची सोयरीक त्यांच्या गावात जमतीये, बाई. आपलं कोठार नीट चाललंय ना, मग झालं तर."

तिला त्याच्या तोंडावर काहीतरी मारावंसं वाटलं. मग आठवलं, हेच वाक्य ती स्वतः मांडवात बोलून आली होती. फक्त जास्त ताठ मानेने.

पुढची वाट आबांच्या गावावरून जात होती. सूर्य चढत होता. ती गावातून भरधाव निघाली असताना कोठाराच्या बंद दाराआडून आवाज आला. घंटेचा.

खेचर आपणहून थांबलं.

दाराबाहेर आबांची सून धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि पाटलाने सोपवलेली किल्ली कमरेची काढली.

"वहिनी, ती घंटा कसली?"

"गड्याची. चकती कळली नाही की वाजवतो. पुसून दिली की पुढे जातो."

"ही ओळ कोणी घातली?"

"मामंजींनी. झाली की बरीच वर्षं. आमची एकदा अर्धी ओळ कणग्यांची जळाली, तेव्हा."

"मग मांडवातली का नाही बदलली?"

सुनेने आजूबाजूला बघितलं, मग आवाज खाली आणला. "बदलली तर आधीची चुकीची होती असं होतं ना."

तर हे असं होतं. ज्याने चूक केली त्यालाच ती सगळ्यांच्या आधी कळली होती. त्याने आपलं घर सावरलं आणि राज्यासाठी चूक तशीच, मधोमध, आपल्या गाठीसकट टांगून ठेवली. वर सुपारी कातरत बसला. लोक म्हणतात, थोरांच्या पोटात शिरून बघू नये. बघावं. निदान एकदा तरी बघावं.

"म्हणजे माहीत सगळ्यांना होतं," खेचर धावता धावता म्हणालं. "ज्यांना लागणार होतं ते सोडून."

कोठावळणीने टाचा मारल्या.

समुद्र दिसायला लागला तेव्हा सावली पायाखालून पुढे कलली होती. गावाच्या कडेला कोठार दिसलं. कोठाराच्या मागून धूर निघत होता. बारीक नाही; जाड, पिवळट, भाजल्या भाताचा वास असलेला धूर.

कोठाराच्या अंगणात पंगत बसली होती. लोक जेवत होते. पाटील मधे, कमरेला किल्ली. ताई वाढत होती. बहिणीला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलीस तू. हातपाय धू, पान वाढते."

"ताई, दार उघड. गडी थांबव."

"अगं, जेव तर आधी."

"पाटील, किल्ली द्या. आत चांगलं बियाणं जळतंय."

पाटलांनी घास गिळला. "दार उघडायचं नाही. गडी आत आहे. रीत आहे."

"धूर बघा."

"जुनं बियाणं जळतंय. धूर होणारच."

"एवढं जुनं बियाणं होतं तुमच्याकडे?"

पाटलांनी धुराकडे बघितलं. पंगतीतल्या लोकांनीही बघितलं. कोणाचे तरी हात पानावर थांबले. पण पाटलांचा हात किल्लीवरून उठला नाही. "आबांची पट्टी आहे, बाई. राज्यभर चालते. तुझ्या सांगण्यावरून मी दार उघडू आणि उद्या मांडवात तोंड कसं दाखवू?"

"आणि उद्या त्या तोंडात काय घालाल?"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत आहे का?"

ताईने भाताचं भांडं खाली ठेवलं. "पाटील, किल्ली द्या."

"तूपण?"

"माझी बहीण उद्धट आहे. खोटी नाही."

पाटील विचार करत राहिले. भट्टी विचार करत नव्हती. शेवटी खेचर पंगतीतून वाट काढत गेलं, दाराकडे पाठ केली आणि लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी उखडली.

आत गडी शांतपणे काम करत होता. चकती चाचपायची. काही नाही. उचलायची. ओतायची. पुढची चकती. त्याला राग नव्हता, घाई नव्हती. रिकाम्या कणग्यांची रांग भिंतीला नीट लावून ठेवलेली होती.

कोठावळणीने त्याच्या छातीत हात घातला. आतल्या खुंट्या तिच्या बोटांवर मिटल्या. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला, आणि तरी पट्टी ओढली. गडी वाकल्या अवस्थेत थांबला. त्याच्या हातात अजून एक कणगी होती. ताईने ती काढून घेतली, आत हात घातला आणि दाणे बघितले.

नाचणी होती.

भात दाराजवळ होतं. ते सगळं गेलं होतं. मागे नाचणीच्या थोड्या कणग्या उरल्या होत्या, आणि खाजणात नाचणी होत नाही.

गाव दारात येऊन उभं राहिलं. कोणी रडलं नाही. काय झालंय ते कळायला वेळ लागतो.

ताईने बहिणीचा मोडका हात आपल्या पदराने बांधला. पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली. बहिणीच्या कमरेची दुसरी पट्टी काढून शेजारी धरली. एक ओळ जास्त होती. तिने ती ओळ बोटाने वाचली, कारण तीही वाचायला शिकलेली होती.

"ही कधी घातलीस?"

"मागच्या पेरणीला."

"मागच्या पेरणीला," ताई म्हणाली. "मी मांडवात गेले होते ती त्यानंतर."

"आबांनी टांगू दिली नाही, ताई. हसले सगळे."

"पागोळ्यांखालीपण नाही?"

कोठावळणीने मान खाली घातली.

"मी सगळ्या पट्ट्या बघितल्या होत्या," ताई म्हणाली. "कडेच्यापण. माझी सवय तुला माहीत आहे."

मग ती उठून बाहेर गेली आणि लोकांच्या पानावरचं उरलेलं अन्न टोपलीत भरू लागली. टाकून देण्याजोगं आता काही नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. समुद्राकाठचे लोक मांडवात गेले. आबा म्हणाले, "चकत्या नीट ठेवायला नकोत? पट्टीत दोष नाही."

"मग तुमच्या कोठारात घंटा का वाजते?" कोठावळणीने विचारलं.

आबांनी अडकित्ता उचलला. बाकीचे म्हातारे आपापल्या अंगरख्याचे बंद बघू लागले. ती सरळ पुढे गेली, डाव्या हाताने आबांची गाठ सोडली, पट्टी उतरवली आणि तिच्या जागी आपली टांगली. तिला कोणी अडवलं नाही. मग एकेका गावाचे कोठावळे आले आणि आपापली पट्टी काढून दाखवू लागले. सगळ्यांत तीच ओळ. विहिरीवरच्या माणसाकडेही तीच. आता दाखवताना कोणाला भीती वाटत नव्हती. आता दाखवायला काही गमवावं लागत नव्हतं, धाडसही लागत नव्हतं.

मांडवात त्या दिवसापासून कोणी बसत नाही. तिथे कोणाच्या नावाची गाठ नाही. पट्टी जिथे फसली तिथल्या माणसाने तिला दोरा बांधायचा आणि काय झालं ते सांगायचं, मग तो माणूस शाळा शिकलेला असो की नसो. आबा पुढे बरीच वर्षं जगले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले, चकत्याच चांगल्या नव्हत्या.

समुद्राकाठचं गाव मात्र कायमचं उठलं. दुसऱ्या गावांचं भात त्यांनी खाजणात लावून बघितलं. ते पिवळं पडून वाकलं. एका दुपारी ते लोक डोक्यावर बोचकी घेऊन, पोरं हाताशी धरून, मांडवावरून पलीकडच्या मुलखात निघाले. कोठावळीण मांडवात उभी होती. ताई तिच्या समोरून गेली. तिने मांडवाकडे बघितलं, मधोमध टांगलेल्या पट्टीकडेही बघितलं.

बहिणीकडे बघितलं नाही.

बोध एवढाच: चूक टांगून ठेवणारा म्हातारा आणि दुरुस्ती कमरेला खोचून निघून जाणारा तरुण, दोघंही दुसऱ्याच्याच कोठाराला आग लावतात.